अर्धा डोळा काय कामाचा?

निपाणीजवळच्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: "दहावीच्या पोरांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. डोळ्यासारखी अवघड वस्तू आपोआप होऊच शकत नाही, अर्धा डोळा काही कामाचा नसतो, म्हणजे कुणीतरी बुद्धी लावून तो एकदम पूर्ण घडवलाय. आणि हे म्हणे डार्विननेच कबूल केलंय. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढलाय, त्यावरून पोरं म्हणतात, बघा, खोटंच होतं ते. तुम्ही रोज डोळे उघडून बघता. मी वर्गात काय सांगू?"

बाई, मी जीवशास्त्राचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं बेळगावात डोळ्यांची ऑपरेशनं करतोय, त्यातली बहुतेक मोतीबिंदूची. त्यामुळे उत्तर डोळ्यापुरतंच देतो.

आधी तो 'अर्धा डोळा' बघू. तो रोज सकाळी माझ्या ओपीडीत बाकावर बसलेला असतो.

मागे जांबोटीकडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात तपासणी शिबिर होतं. एक अज्जा आले, ऐंशीच्या घरातले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. तक्ता दाखवून उपयोग नव्हता. हात पुढं धरून विचारलं, "अज्जा, बोटं किती?" "बोटं कुठली ओ डॉक्टर, हात हलतोय एवढं कळतंय." मग टॉर्च काढला. मोतीबिंदूमागचा पडदा शाबूत आहे का हे बघायला आम्ही एक डोळा झाकतो, दुसऱ्यावर चार बाजूंनी उजेड टाकतो आणि दिशा विचारतो. "वरनं." आता? "नाकाकडनं." आता? "कानाकडनं की." चारही बरोबर. घरात फिरवायला कोण असतं, असं विचारल्यावर अज्जांना रागच आला. "कोण कशाला? गोठ्यापर्यंत माझा मी जातो. दार कुठं हाय ते उजेडावरनं कळतंय. म्हस आडवी आली तर सावली हलतीय."

आमच्या केसपेपरवर नजरेच्या पायऱ्या असतात. उजेडच नाही. उजेड कळतो. उजेडाची दिशा कळते. हात हलताना कळतो. बोटं मोजता येतात. मग ६/६०, आणि तिथून वर चढत ६/६. यातली कुठलीही पायरी तिच्या खालच्या पायरीपेक्षा फायद्याची आहे, हे कुठल्याही अज्जांना विचारा. 'उजेडही कळत नाही' आणि 'उजेड कळतो' यातलं अंतर तर जमीन-अस्मानाचं.

आता हीच यादी प्राण्यांवर ठेवून बघा. गांडुळाला डोळे नाहीत, पण त्याच्या कातडीत उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत. टॉर्च मारला की बिळात सरकतं. ही 'उजेड कळतो'ची पायरी. प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीत अशा पेशी एका काळ्या वाटीत बसल्यात. वाटीच्या कडेची सावली पडते म्हणून उजेड कुठून आला ते समजतं. अज्जांची टॉर्चची तपासणी तीच. वाटी खोल झाली, तोंड लहान झालं, की चित्र उमटायला लागतं. समुद्रातल्या नॉटिलसचा डोळा असाच आहे, नुसतं भोक, भिंग नाही, समुद्राचं पाणी थेट आत. त्याला अंधुक दिसतं आणि त्याचं त्यावर भागतं. पुढं पारदर्शक झाकण, मग भिंग. हे सगळे प्राणी आज जिवंत आहेत. एकालाही आपला डोळा अर्धा आहे याची तक्रार नाही.

इथं एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर तुमच्या वर्गातलं हुशार पोर मला पकडेल. अज्जांचा डोळा बिघडलेला पूर्ण डोळा आहे, घडत असलेला अर्धा नव्हे. नॉटिलसही आपला आजा-पणजा नाही. या दोन्हींवरून एवढंच सिद्ध होतं की मधल्या पायऱ्या निरुपयोगी नसतात. पण व्हिडिओचा सगळा डोलारा 'निरुपयोगी असतात' याच एका खांबावर उभा आहे.

वेळ किती लागेल? १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या स्वीडनच्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला. उजेड ओळखणाऱ्या सपाट पेशींपासून माशाच्या भिंगवाल्या डोळ्यापर्यंत दर पायरीला फक्त एक टक्का बदल धरला, तर १८२९ पायऱ्या लागल्या. आणि निवडीचा जोर मुद्दाम कमी धरूनही साधारण ३ लाख ६४ हजार पिढ्या. वर्षाला एक पिढी असलेल्या लहान प्राण्यांत म्हणजे चार लाखही वर्षं नाहीत. हा आकाराचा हिशेब आहे, घडलेला इतिहास नाही, हे खरं. पण 'वेळच पुरणार नाही' या आक्षेपाला तो पुरून उरतो.

राहिली डार्विनची कबुली. १८५९ च्या ग्रंथात तो म्हणतो की डोळा नैसर्गिक निवडीने झाला हे म्हणणं कमालीचं विसंगत वाटतं. व्हिडिओ इथं कापलाय. पुढं तो म्हणतो की साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंत पायऱ्या दाखवता आल्या, प्रत्येक पायरी त्या जीवाला उपयोगी असली आणि बदल वारशाने जात असले, तर कल्पनेला कितीही जड गेलं तरी अडचण खरी नाही. आक्षेप आधी स्वतःच मांडायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचीच रीत. व्हिडिओवाल्यांनी पूर्वपक्ष उचलला आणि सही डार्विनची लावली.

'आपोआप' हा शब्दही पोरांच्या डोक्यातून काढा. शेतकरी ज्वारीची चांगली कणसं बियाण्याला राखतो. कुठल्या ताटाला चांगलं कणीस येणार ते त्याच्या हातात नसतं, पण कुठलं राखायचं हे काही तो चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. निसर्गात राखणारा शेतकरी नाही, पण जो जगला-वाढला त्याचंच बी पुढं जातं. बदल दिशाहीन, राखण दिशाहीन नाही. लॉटरीशी तुलना इथं फसते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. माणसाच्या डोळ्याचा पडदा उलटा बसवलाय. उजेड टिपणाऱ्या पेशी मागे, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या तारा आणि रक्तवाहिन्या पुढे, उजेडाच्या वाटेत. या दहा-बारा लाख तारा एकत्र करून बाहेर न्यायच्या तर पडद्याला भोक पाडावं लागतं, आणि तिथं काहीच दिसत नाही. वहीच्या पानावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर कुंकवाचा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत वही साधारण एक फुटावर धरा आणि किंचित मागेपुढे करा. कुंकू पुसल्यासारखं नाहीसं होतं. नुसता कोरा कागद दिसतो. मेंदू थाप मारून भोक बुजवतो.

हे बघितलं की उत्क्रांतीची बाजू घेणारे लगेच म्हणतात, "बघा, किती गबाळं डिझाइन! कुणी शहाणा असं करेल का?" बाई, हा युक्तिवाद वर्गात वापरू नका. तो कच्चा आहे. उजेड टिपणाऱ्या पेशींना रक्तपुरवठा प्रचंड लागतो आणि त्यांची रोज झीज-भर चालू असते. भिंतीला चिकटून बसल्यामुळे ती सोय होते. पडद्यातल्या काही लांबट पेशी उजेड आतपर्यंत वाहून नेतात हेही दिसलंय. म्हणजे उलटा पडदा अगदी टाकाऊ नाही.

मुद्दा वेगळा आणि जास्त पक्का आहे. गोव्याकडून मासळी येते त्यात माणकी असते, कुणी माकूल म्हणतात. तिचा डोळा आपल्यासारखाच: गोल, भिंग, मागे पडदा. पण पडदा सुलटा. तारा मागून जातात, अंध ठिपकाच नाही. हा फरक कसा पडला ते गर्भात दिसतं. आपल्यात चौथ्या आठवड्याच्या सुमाराला मेंदूचाच एक फुगा बाहेर येतो, कातडीपर्यंत पोचतो आणि फुटबॉल एका बाजूने चेपावा तसा आत दबून दुहेरी वाटी होते. वाटीचा आतला थर म्हणजे आपला पडदा. माणकीचा डोळा कातडी आत दबून होतो. वाट वेगळी, म्हणून तोंडं वेगळी. आणि जगातल्या एकाही माशाला, बेडकाला, पक्ष्याला, म्हशीला माणकीचा सुलटा पडदा मिळालेला नाही. रचनाकार असता तर एका गिऱ्हाइकाचा चांगला भाग दुसऱ्याला लावायला त्याला कोण अडवणार होतं? वारशाला मात्र ते जमत नाही. बापाकडे नसलेलं शेत पोराच्या सातबाऱ्यावर कुठून येणार?

त्या दुहेरी वाटीचे दोन थर आयुष्यभर नीट चिकटत नाहीत. दोघांमध्ये गर्भातली ती जुनी पोकळी झाकलेल्या मुठीसारखी राहते. डोळ्याला मार बसला किंवा जास्त मायनस नंबर असला की कधी पडद्याला बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं आणि पडदा नेमका त्याच जागी सुटतो. लोक म्हणतात पडदा सरकला. "डोळ्यासमोर वीज चमकली, मग काळी सावली आली" असं सांगत पेशंट येतो तेव्हा मी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा सांधा उसवलेला बघत असतो.

भिंगाचीही तीच कथा. ते पारदर्शक ठेवणारी प्रथिनं खास भिंगासाठी कुणी बनवलेली नाहीत. आपल्या भिंगातलं एक मुख्य प्रथिन हे उष्णतेच्या ताणात पेशीला सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं आहे. बदकाच्या भिंगात लॅक्टेट डीहायड्रोजनेज नावाचं नेहमीच्या चयापचयातलं एन्झाइमच भरलंय. माणकीने तिसऱ्याच, विष निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या घराण्यातून उसनं घेतलंय. घरात जे सापडलं ते वापरलं. आणि आपलं भिंग जन्मभर तीच प्रथिनं बाळगतं, बदलत नाही. साठीनंतर ती गुठळतात आणि माझा धंदा चालतो.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आणखी एक प्रकार नेहमी बघायला मिळतो. पळण्यात पहिला, छाती-उंची सगळी बरोबर, आणि पोरगा रंगांध म्हणून भरतीतून परत. आई विचारते, "ह्याचा बा असा नव्हता, मग ह्यालाच का?" कारण आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर असतं. तांबडा आणि हिरवा ओळखणारी जनुकं तिथं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि त्यांचा मजकूर जवळपास सारखा. त्यांच्या प्रथिनांत शेकडा ९६ भाग जुळतो. एकाच उताऱ्याची चुकून दोनदा नक्कल झाली आणि दुसरी नक्कल हळूहळू थोडी बदलली, तर जसं दिसेल तसं. दोन्ही उतारे इतके सारखे असल्यामुळे पुढची नक्कल करताना ओळ सटकते आणि एखादा गळतो. म्हशीकडे, कुत्र्याकडे हा जोड उतारा नाही. त्यांना तांबडं-हिरवं वेगळं दिसतच नाही. मग तो कुणाकडे आहे? आपल्याकडे, चिंपांझीकडे आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांकडे. आंबोली घाटात गाडीच्या टपावर उड्या मारणारं लाल तोंडाचं माकडही त्यात आलं. ही दुबार नक्कल तीन-चार कोटी वर्षांपूर्वीची मानतात. २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. बरोबर आहे, पाहिलेलं नाही, आणि आजच्या माकडापासून माणूस झाला असं जीवशास्त्र म्हणतही नाही. पण परीक्षेत दोघांच्या पेपरात तीच खाडाखोड त्याच ओळीत सापडली, तर बाई, तुम्ही कॉपी करताना पाहिलेलं नसतं तरी काय समजायचं ते समजता.

आपल्या खानापूर तालुक्यातलाही एक साक्षीदार आहे. पावसात चोर्ल्याकडे माती उकरताना देवगांडूळ निघतं. गांडूळ नव्हे, पाय नसलेला उभयचर, बेडकाचा लांबचा भाऊबंद. म्हादईचं नाव लावलेली त्याची एक जात २००७ मध्ये चोर्ल्यातूनच नोंदली गेली. या गोत्रात डोळा कवटीच्या हाडाखाली गाडलेला असतो. हाडाखाली डोळा! पाहणाऱ्या पूर्वजांकडून आलेला आणि मातीत राहायला गेल्यावर निरुपयोगी झालेला, असं म्हटलं की लगेच समजतं. तो तिथं मुद्दाम बसवला म्हणायचं तर कशासाठी, हे डिझाइनवाल्यांनी सांगावं.

घड्याळ सापडलं म्हणजे घड्याळजी असणारच, हा पेली नावाच्या इंग्रज धर्मगुरूचा युक्तिवाद १८०२ चा. पण आपल्याकडे तो त्याहून आठशे वर्षं जुना आहे. नैयायिक उदयनाने दहाव्या-अकराव्या शतकात मांडलं की घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. जगही कार्य आहे, त्यालाही कर्ता हवा. आणि त्याच्याही आधी, सातव्या शतकात, बौद्ध धर्मकीर्तीने असल्या अनुमानाची हवा काढली होती: मातीची वस्तू दिसली की कुंभार मानायचा असेल तर वारूळही कुंभाराने केलं म्हणावं लागेल! खानापुरात, जिथं कौलं आणि मडकी हा पिढीजात धंदा, तिथं हे उदाहरण लगेच पटतं. गाडगं बघून कुंभार ओळखतो, कारण कुंभाराला चाक फिरवताना आपण पाहिलंय. वारुळाला खोल्या आहेत, हवा खेळायला वाटा आहेत, आणि एकाही वाळवीच्या डोक्यात त्याचा नकाशा नाही.

आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. जैन दर्शन जगाचा कर्ता मानत नाही, तरी त्यांना कुणी अधार्मिक म्हणत नाही. 'रचनाकार नाकारला म्हणजे धर्म बुडाला' ही भीती आपल्या मातीतली नव्हे, ती व्हिडिओबरोबर बाहेरून आलीय.

बाहेरून म्हणजे कुठून, तेही पोरांना सांगा. गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बायबलमधली सृष्टीची कथा विज्ञान म्हणून सरकारी शाळेत शिकवता येणार नाही. तेव्हा तयार होत असलेल्या एका पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात 'सृष्टिवादी' हा शब्द काढून 'डिझाइन-समर्थक' घातला गेला. एका ठिकाणी बदलणाऱ्याचा हात घसरला आणि जुन्या शब्दाची दोन टोकं तशीच राहून मध्ये नवा घुसला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळामंडळाने २००४ मध्ये नववीच्या मुलांना हे 'डिझाइन' डार्विनला पर्याय म्हणून सांगायचं ठरवलं, अकरा पालक कोर्टात गेले आणि तो अर्धवट शब्द पुराव्यात आला. बेही नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ डिझाइनच्या बाजूचे मुख्य साक्षीदार होते. त्यांचं म्हणणं, काही यंत्रणांचा एक भाग काढला तर सगळंच बंद पडतं, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने होऊ शकत नाहीत. जिवाणूची फिरती शेपटी हे त्यांचं लाडकं उदाहरण. पण त्या शेपटीच्या बुडातल्या भागांसारखेच भाग प्लेगचा जंतू सुईसारखे वापरतो, विष टोचायला. शेपटी नाही, तरी काम चालू. उलटतपासणीत बेहींना मान्य करावं लागलं की विज्ञानाची त्यांची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर जीवशास्त्रज्ञ आहेत, आणि श्रद्धाळू कॅथलिकही.

तुम्हाला आणखी एक प्रश्न येणार, "सर म्हणतात दशावतारात उत्क्रांती आहेच, मत्स्य, कूर्म, वराह." माझं मत विचाराल तर ही ओढाताण दोन्हीकडून नको. अवतारांची रांग एक शिडी आहे, उत्क्रांती वडाच्या झाडासारखी फुटत जाते. आणि अवतार धर्मरक्षणासाठी येतात, चयापचयासाठी नव्हे. ऑपरेशननंतर पट्टी सोडली की आमच्याकडची कितीतरी माणसं नवसाचे चांदीचे डोळे देवीला वाहायला सौंदत्तीला जातात. मी त्यांना एवढंच सांगतो की महिनाभर थेंब चुकवू नका आणि भंडारा डोळ्यात जाऊ देऊ नका. त्यांचं माझ्याशी कधी भांडण झालेलं नाही.

पुस्तकातून धडा काढल्याचं म्हणाल, तर ती अभ्यासक्रम कमी करण्यात झालेली छाटणी होती. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणारं पोर त्याला कायमचं मुकतं, त्यामुळे तुमचा एक तास महत्त्वाचा.

त्या तासाला भाषण करू नका. खाटकाकडून बोकडाचे दोन डोळे आणा आणि मासळीवाल्याकडून एक मोठी माणकी. हातमोजे, नवं ब्लेड, स्टीलचं ताट. बोकडाचा डोळा मध्यावर गोल कापला की भिंग करवंदाएवढं घरंगळत बाहेर येतं. ते वर्तमानपत्रावर ठेवा, अक्षरं मोठी दिसतील. मागच्या वाटीत निळसर-हिरवी चकाकी दिसेल, रात्री जनावराचे डोळे चमकतात ती तीच; माणसात नाही. तिच्यावर ओल्या टिशूसारखा करडा पापुद्रा असतो, तो पडदा. एका पोराला चिमट्याने हळूच उचलायला सांगा. सगळीकडून सुटत येईल आणि एकाच ठिकाणी अडकेल, जिथून नस बाहेर जाते तिथं. मग माणकी कापा आणि ते अडकण्याचं ठिकाण तिच्या डोळ्यात शोधायला सांगा. पहिला डोळा बहुतेक फुटेल, म्हणून दोन आणा म्हटलं.